आखाजी ते जून: लेकराला शाळेसाठी तयार करताना

खानदेशात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की घरोघरी दोन कामं सुरू होतात: वर्षभराचे पापड-कुरडया आणि पोराच्या शाळेची चौकशी. पहिल्या कामाचं नियोजन चोख असतं. नागली कधी दळायची, गहू कधी भिजत घालायचे, कोणत्या शेजारणीकडे कोणत्या दिवशी लाटायला जायचं, सगळं आधीच ठरलेलं. दुसरं काम मात्र दप्तर, बूट आणि डबा घेतला की संपलं असं समजतात.

मी पहिलीला शिकवते. जूनमध्ये वर्गात एखादं लेकरू असं येतं की त्याला शंभरपर्यंत आकडे पाठ असतात, ए टू झेड घडाघडा येतं, पण चड्डीचं बटण निघत नाही म्हणून ते कोपऱ्यात मुसमुसत उभं असतं. दुसऱ्याला एक अक्षर ओळखता येत नाही, पण ते सरळ येऊन सांगतं, "मॅडम, माले पानी पेवानं शे" (मला पाणी प्यायचंय). शाळेचे पहिले पंधरा दिवस या दुसऱ्याला सोपे जातात. अक्षरं आणि आकडे शिकवणं आमचं काम आहे, त्यासाठीच आम्ही पगार घेतो. घरी करायची तयारी वेगळी आहे. आई-बाप जवळ नसताना लेकराला आपलं आपण किती निभावता येतं, तेवढंच बघायचं.

हाताशी वेळ असतो पाच ते आठ आठवडे. जळगाव-भुसावळचा पारा ४५च्या घरात जात असला तरी विदर्भासारखी उशिरा शाळा सुरू करण्याची सवलत आपल्याला नाही. जूनच्या मध्याला घंटा वाजतेच.

आधी वय आणि कागद

ज्या वर्षी प्रवेश घ्यायचा त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला मुलाची ६ वर्षं पूर्ण होत असतील तर पहिली, ३ पूर्ण होत असतील तर नर्सरी. नोव्हेंबर-डिसेंबरचा जन्म असेल तर लेकरू नियमात जेमतेम बसतं आणि वर्गात सगळ्यात लहान ठरतं. अशा वेळी घाई करू नका असं मी सांगते. एक वर्ष अंगणवाडीत किंवा बालवाडीत जास्त गेलं तर काही बिघडत नाही. उलट पहिलीत रडतखडत गेलेलं वर्ष पुढे दोन-तीन वर्षं पुरतं.

आता जन्मदाखला. आपल्याकडे पहिलं बाळंतपण बहुधा माहेरी होतं आणि जन्माची नोंद जिथे जन्म झाला तिथेच असते. म्हणजे लेकरू धुळ्यात वाढतं आणि दाखला चोपड्याच्या नगरपालिकेत. कित्येकदा त्या नोंदीत बाळाचं नावच नसतं, कारण बारसं नंतर झालं. नाव जन्मापासून वर्षभरात फुकट लावता येतं, त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. आखाजीला माहेरी जाणारच आहात, तर झोक्यावर बसण्याआधी एक चक्कर ग्रामपंचायतीत किंवा पालिकेत मारा. १ ऑक्टोबर २०२३ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत तर शाळा प्रवेशाला जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला धरला जातो. दाखल्यावरचं आणि आधारवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतंय का ते बघा. पाच वर्षांच्या आधी काढलेलं निळं बाल आधार असेल, तर पाच पूर्ण झाल्यावर बोटांचे ठसे आणि डोळ्यांची नोंद करून घ्या, ती नोंद मोफत होते.

तरीही वयाचा दाखला नाही म्हणून कोणतीही शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. प्रवेशासाठी लेकराची किंवा तुमची मुलाखत, परीक्षा घेणंही २००९च्या शिक्षण हक्क कायद्यात बसत नाही. खासगी शाळेतल्या २५ टक्के राखीव जागांसाठी अर्ज ऑनलाइन असतो आणि त्याची मुदत शाळा उघडण्याच्या बरीच आधी संपते. ती जूनमध्ये विचारून उपयोग नाही.

शरीराच्या सवयी, म्हणजे खरी तयारी

यावर सगळ्यात जास्त वेळ द्या. सुरुवात संडास-लघवीपासून. घरी आई सोबत जाते, चड्डी ती काढते, पाणीही तीच घालते. शाळेत हे सगळं एकट्याने करायचं असतं, आणि भांडं बहुतेक ठिकाणी उकिडवं बसायचं असतं. घरी कमोड असेल तर उकिडवं बसायची सवय वेगळी लावावी लागते. क्रम असा ठेवा: पहिला आठवडा चड्डी काढणं-घालणं, दुसरा आठवडा स्वतः धुणं, तिसरा आठवडा पाणी टाकून, हात साबणाने धुऊन बाहेर येणं. तुम्ही दाराबाहेर उभे राहा, आत जाऊ नका. पहिले काही दिवस फरशी ओली होईल, चप्पल भिजेल, होऊ द्या. शाळेसाठी कपडे घेताना इलॅस्टिकची पँट घ्या. घट्ट बटण, बेल्ट, नाडी आणि मुलींच्या फ्रॉकची पाठीमागची चेन, हे सगळं फोटोसाठी ठीक. गणवेशच बटणाचा असेल तर त्याच गणवेशावर सराव करा, आणि तो नवा-कडक असेल तर आधी दोनदा धुवा म्हणजे काज सैल होतात.

पुष्कळ मुलं शाळेचा संडास घाण वाटतो म्हणून दिवसभर रोखून धरतात, पाणी पीत नाहीत आणि घरी आल्यावर पोट दुखतं. यावर उपाय सकाळचा. उठल्यावर कोमट पाणी, मग दहा मिनिटं संडासला बसणं, आलं नाही तरी. तीन-चार आठवड्यांत शरीराला वेळ कळते. शाळेत संडास कुठे, नळ कुठे हे पहिल्या दिवसाच्या आधी लेकराला डोळ्यांनी दाखवा.

दुसरी गोष्ट डबा. मोबाईल समोर धरून, मागे फिरून, घास भरवून जे लेकरू पाऊण तासात जेवतं, ते मधल्या सुट्टीत उपाशी राहतं. इथे लाजायचं कारण नाही, निम्म्या घरांत हेच चालतं. पण आखाजीनंतर हे बंद करायचं. रोज एक जेवण शाळेच्या डब्यातच द्या, खाली बसवून, मोबाईल न दाखवता. झाकण त्यानेच उघडायचं आणि त्यानेच लावायचं. वीस मिनिटांनी डबा बंद. उरलं तर उरलं, रागावू नका, पण तासाभरात बिस्किटाचा पुडाही हातात देऊ नका. डबा घेताना दुकानातच लेकराला उघडायला लावा. चार कड्यांचे हवाबंद डबे मोठ्यांनाही दाताने उघडावे लागतात.

डब्यात काय द्यायचं? शेवभाजीचा रस्सा शाळेत नको, दप्तर तेलकट होतं आणि तोंड पोळतं. दशमी आणि गूळ, पोळीत गुंडाळलेली कोरडी भाजी, कमी तिखटाची शेंगदाण्याची चटणी, असं एका हाताने खाता येईल ते द्या. कळण्याची भाकर लहान हातांना तोडता येत नाही, द्यायचीच तर तुकडे करून. केळं सोलायला शिकवून मगच द्या, नाहीतर ते दप्तरात काळं होऊन वह्यांना लागतं. सरकारी शाळेत पोषण आहार मिळतो, पण तिथे रांगेत बसून, सगळ्यांना वाढून होईपर्यंत थांबून खायचं असतं. त्याचा सराव आपल्याकडे आयताच होतो: उन्हाळ्यातल्या लग्नाच्या, वरण-बट्टीच्या पंगतीत लेकराला मांडीवर घेऊ नका, शेजारी त्याचं वेगळं पान मांडा.

झोप

मे महिन्यात आपल्याकडे कोणाचीच झोप वेळेवर नसते. रात्री अकरापर्यंत धाब्यावर, म्हणजे घराच्या गच्चीवर, गार वारा येण्याची वाट बघायची, दुपारी कूलरसमोर तीन तास झोपायचं. शाळा सुरू झाल्यावर हे एका रात्रीत बदलत नाही. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दिवसभरात मिळून १० ते १३ तास झोप लागते, सहा वर्षांच्या पुढे ९ ते १२. मेच्या शेवटच्या आठवड्यापासून दर तीन दिवसांनी झोपायची आणि उठायची वेळ १५ मिनिटांनी अलीकडे आणा, दुपारची झोप तासाभरावर आणा. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९च्या आधी भरवू नयेत असं शासनाने २०२४मध्ये सांगितलं, पण रिक्षा आठलाच दारात येते. उठण्याची वेळ त्या रिक्षावरून काढा.

घरची भाषा, शाळेची भाषा

घरी अहिराणी, लेवा बोली, गुजरी, भिली किंवा पावरी आणि शाळेत पुस्तकातली मराठी. या भीतीने अनेक आया मेपासून घरात एकदम "तू इकडे ये, असं करू नकोस" असं बोलायला लागतात. आजी तशीच बोलत राहते, आणि लेकरू गोंधळून गप्प होतं. गप्प लेकराला काहीच शिकवता येत नाही. बोली बंद करू नका. जो पोरगा आजीला अहिराणीत दिवसभराच्या चार गोष्टी सांगतो, त्याला शाळेची मराठी दोन-चार महिन्यांत येते. ज्याला कोणत्याच भाषेत नीट सांगता येत नाही, तो मागे पडतो.

तरीही सात-आठ वाक्यं दोन्ही प्रकारे यायला हवीत, कारण बाहेरगावाहून बदलून आलेल्या नव्या मॅडमना अहिराणी कळेलच असं नाही. "माले मुताले जावानं शे" आणि "मला लघवीला जायचंय". "मन्हा डबा उघडस नही" आणि "माझा डबा उघडत नाहीये". "माले भूक लागनी" आणि "मला भूक लागली". याशिवाय मला बरं वाटत नाही, याने मला मारलं, मला समजलं नाही, आणि आपलं पूर्ण नाव, वडिलांचं नाव, गाव. हे पाठांतर म्हणून घेऊ नका, खेळ म्हणून घ्या. तुम्ही मॅडम व्हा, लेकरू विद्यार्थी. मग उलट. लेकरू मॅडम झालं की घरात त्याच्याशी कसं बोललं जातं तेही ऐकायला मिळतं.

बुजरेपणावर दुकानासारखा उपाय नाही. मिठाचा पुडा आणायला गल्लीतल्या दुकानात पाठवा, तुम्ही ओट्यावरून बघत राहा. मागणं, पैसे देणं, उरलेले घेणं, परत येणं. अनोळखी मोठ्या माणसाशी पहिल्यांदा बोलण्याचा सराव असाच होतो. पाहुणे आले की "कविता म्हणून दाखव" म्हणत उभं करण्याने मात्र मुलं आणखी बुजतात.

घरी बोली आणि शाळा इंग्रजी माध्यमाची असा विचार असेल तर एवढं तपासा: घरात गृहपाठ समजून सांगणारं कोणी आहे का? नसेल तर चार वर्षांच्या मुलाला शिकवणी लावावी लागते, आणि मग त्याचं खेळणं संपतं.

हात

पेन्सिल धरून ओळी गिरवायला लावू नका. बोटांत ताकद नसताना गिरवलं की मूठ करून पेन्सिल धरायची सवय लागते आणि ती मोडायला वर्ष जातं. मे महिन्यातल्या घरात बोटांना काम काय कमी आहे? पापडाच्या पिठाच्या लाट्या करणं, वाळलेल्या कुरडया न मोडता डब्यात रचणं, शेंगा फोडणं, तूरडाळीतले खडे वेचणं, मातीची बैलजोडी करणं. ओला कपडा पिळायला लावा, त्याने मनगट तयार होतं. कात्री द्यायची तर बोथट टोकाची द्या आणि जुनं वर्तमानपत्र कापू द्या.

गणितही इथेच होतं. रावेर-यावलकडच्या घरात केळीची फणी समोर ठेवून किती केळी, दोन खाल्ली तर किती उरली, हे शंभरपर्यंतच्या पाठांतरापेक्षा मोलाचं. कमी-जास्त, लहान-मोठं, आधी-नंतर एवढं कळलं तरी आम्हाला पुष्कळ झालं.

ताटातूट

आईपासून चार तास लांब राहणं हीसुद्धा सवयच आहे आणि ती पायरीपायरीने लागते. आधी अर्धा तास शेजारी, मग दुपारभर मावशीकडे, मग आत्याकडे एक रात्र. प्रत्येक वेळी सांगून जा. लेकरू खेळात गुंतलं की मागच्या दाराने निसटायचं, हा आपल्याकडचा आवडता उपाय आहे आणि तो सगळ्यात वाईट. त्यातून लेकरू एवढंच शिकतं की आई कधीही गायब होऊ शकते, मग ते पदर सोडतच नाही. सांगून गेलात तर रडेल, पण परत येणार यावर त्याचा विश्वास बसेल.

परत येण्याची वेळ घड्याळात सांगू नका. "प्रार्थना होईल, गाणी होतील, तू जेवशील, मग आजी फाटकाशी येईल." हे चार टप्पे आठवडाभर आधीपासून रोज झोपताना सांगा. आणि "जास्त मस्ती केली तर शाळेत टाकीन, मॅडम छडीने मारतील" हे घरात कोणीच म्हणायचं नाही, आजोबांनीसुद्धा. मारणं कायद्याने बंद आहे. तुम्ही घातलेली भीती काढायलाच आमचा जून जातो. एकत्र कुटुंबात आणखी एक गोष्ट बसून ठरवा: लेकरू रडलं तर "आजचा दिवस राहू दे" असं म्हणण्याचा अधिकार कोणाला? माझ्या मते कोणालाच नाही, ताप असेल तर वेगळं.

अंगणवाडीच्या ताईंना किंवा शाळेत शाळापूर्व तयारी मेळाव्याची तारीख विचारा. ‘पहिले पाऊल’ या नावाने सरकारी शाळांत हे मेळावे होतात, साधारण एप्रिलमध्ये एक आणि शाळा उघडताना दुसरा. वेगवेगळ्या टेबलांवर उड्या मारणं, वर्गीकरण, चित्रावरून बोलणं, मोजणं असे खेळ घेतात, विकासपत्रावर नोंद करतात आणि घरी काय करायचं ते आईला सांगतात. ही परीक्षा नसते, त्यामुळे लेकराच्या कानात उत्तरं पुटपुटू नका. मेळावा चुकला तर एखाद्या संध्याकाळी शाळेच्या मैदानात नुसतं खेळायला न्या.

तब्येत आणि सुरक्षितता

पाच ते सहा वर्षांच्या दरम्यानचा डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात यांच्यावरच्या लसीचा) दुसरा बूस्टर बऱ्याच घरांत राहून जातो, कारण दीड वर्षानंतर लसीचं कार्ड कपाटात जातं. ते काढून बघा आणि उपकेंद्रात डोस घ्या. टीव्हीजवळ जाऊन बघणं, हाक मारल्यावर न वळणं, बोबडं बोलणं हे "मोठं झाल्यावर जाईल" म्हणून सोडू नका. अंगणवाडीत आणि शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं, त्या दिवशी लेकराला घरी ठेवू नका.

नंदुरबार आणि सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी केली नसेल तर शाळेआधी करून घ्या. लेकराला हा आजार असेल तर शिक्षकांना पहिल्याच दिवशी सांगा. त्याला वारंवार पाणी प्यावं लागतं, फार ऊन, थंडी किंवा दमछाक त्रास देऊ शकते, आणि ताप किंवा अंगदुखी सुरू झाली तर घरी कळवून लगेच दवाखाना गाठावा लागतो. सांगण्यात कमीपणा नाही, लपवण्यात धोका आहे. फिट येणं, दमा, कशाची अ‍ॅलर्जी, तेही असंच.

न्यायला कोण येणार, दोनच नावं ठरवा आणि ती शाळेला आणि लेकराला दोघांनाही माहीत हवीत. कपड्याने झाकलेल्या जागांना कोणी हात लावला तर ओरडायचं, पळायचं आणि घरी सांगायचं, हे साध्या शब्दांत सांगून ठेवा. एका मोबाईलचा नंबर चालीत पाठ करून घ्या.

सामान

यात फार डोकं घालू नका. हलकं दप्तर, उघडता येणारी बाटली, प्रत्येक वस्तूवर नाव. एकच सल्ला: लेस बांधायचे बूट पावसाळा संपल्यावर घ्या. आपली काळी माती भिजली की बुटाला दोन-दोन किलो चिकटते. पट्ट्याचे प्लास्टिकचे सँडल धुतले की झाले.

पहिले पंधरा दिवस

आपल्याकडे शाळा आणि पेरणी एकाच आठवड्यात येतात. मृगाचा पाऊस पडला की घरातली सगळी धडधाकट माणसं शेतात, आणि लेकराला आज काका सोडतो, उद्या शेजारीण, परवा कोणीच नाही. पाऊस येण्याच्या आधीच ठरवा की पहिले पंधरा दिवस सोडायला आणि आणायला एकच माणूस. आजी चालेल. सोडण्याची पद्धतही रोज तीच ठेवा: फाटकाशी पोचायचं, दप्तर हातात द्यायचं, "येते मी, जेवण झाल्यावर" म्हणायचं आणि वळायचं. खिडकीतून डोकावत थांबलात तर रडं लांबतं. फाटकातलं रडं बहुतेकदा तुम्ही नजरेआड झाल्यावर थोड्याच वेळात थांबतं. खात्री हवी तर दुपारी शिक्षकांना फोन करा.

घरी आल्यावर "आज काय शिकवलं?" विचारलं की उत्तर येतं "काहीच नाही". आधी खायला द्या, मग विचारा: शेजारी कोण बसलं होतं? डबा कोणी उघडला? कोण रडलं? या तिसऱ्या प्रश्नावर मुलं भरभरून बोलतात. या दिवसांत गादी ओली होणं, चिडचिड, आईला चिकटणं पुन्हा सुरू होऊ शकतं. दोन-तीन आठवड्यांत ते कमी व्हायला हवं. महिना झाला तरी रोज सकाळी उलटी, पोटदुखी किंवा थरथर होत असेल, किंवा एखाद्याच माणसाचं नाव काढताच लेकरू घाबरत असेल, तर ते नाटक समजू नका. शाळेत जाऊन, लेकरू ऐकत नसताना, शांतपणे बोला.

दिवाळीनंतर ऊसतोडीला किंवा कामाला गुजरातकडे जाणारी घरं असतील तर प्रवेश घेतानाच शाळेला सांगून ठेवा. निघण्याआधी शिक्षण हमी कार्ड मागून घ्या, म्हणजे जिथे जाल तिथल्या शाळेत लेकराला बसता येतं. आजीजवळ गावात ठेवणं शक्य असेल तर ते अधिक बरं, पण मग आजीची आणि शिक्षकांची ओळख जूनमध्येच करून द्या.

आणि श्रावण. जुलैपर्यंत रुळलेलं लेकरू कानबाई या आपल्याकडच्या देवीच्या उत्सवाच्या वेळी पुन्हा अडतं. रविवारी स्थापना, रात्रभर जागरण, सोमवारी विसर्जन आणि घरभर पाहुणे, त्यामुळे सोमवारची शाळा बुडते. मंगळवारी सकाळी ते अंथरुणातून उठत नाही आणि जूनसारखंच रडतं. सोमवारी संध्याकाळी पाहुणे असले तरी त्याला आठला झोपवा, दप्तर रात्रीच भरून ठेवा, आणि मंगळवारी ज्याने जूनमध्ये सोडलं होतं त्याच माणसाने सोडायला जावं.